मागच्या चाकाचे स्पोक सारखे तुटतात. हब बदलू, स्पोक बदलू की अख्खं चाक?

त्र्यंबकरोड (नाशिक)

नमस्कार मंडळी,

माझी 700सी चाकांची हायब्रीड आहे. डिस्क ब्रेक, मागे 8 स्पीडची कॅसेट (दातेरी चकत्यांचा गठ्ठा), लिव्हरने चाक सुटणारं क्विक रिलीज, मागचा हब (चाकाचा मधला भाग) 135 मिमीचा, स्पोकांसाठी 32 होल. माझं वजन 94 किलो. लांब जायचं असलं की पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या पिशव्यांत) आणखी 12-15 किलो सामान.

पहिलं वर्ष काही त्रास नव्हता. आता मागच्या चाकाचा स्पोक तुटणं नेहमीचं झालंय. सामान लादून कसाऱ्याला गेलो तेव्हा तुटला, जव्हारच्या रस्त्याला तुटला, ते समजू शकतो. पण परवा रिकामी सायकल घेऊन गंगापूर धरणापर्यंत गेलो, सपाट रस्ता, तरी तुटला. दर वेळी नवा स्पोक टाकून चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढून घेतो. थोडे दिवस बरं चालतं, मग शेजारचा जातो.

दुकानदार म्हणतो, 13 नंबरचे जाड स्पोक टाकू, विषय संपला. मित्र म्हणतो, हबच भिकार आहे, सील बेअरिंगचा हब घे. नेटवर 24 चपट्या स्पोकांचा तयार व्हीलसेट बघितला, दिसायला फार सुंदर. शिमानो डिओरे आणि डीटी स्विस 350 हे दोन हबही लोक सुचवतात, पण त्यांच्या किमतींत एवढा फरक का हे कळत नाही.

डिसेंबरात रेवस ते रेडी किनाऱ्याने जायचं ठरलंय. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे असं जेट्ट्या पकडत. तिकडे मध्येच चाक गेलं तर पंचाईत. एकदाच खर्च करायची तयारी आहे, पण योग्य जागी व्हावा. रात्रीच्या दिव्यासाठी पुढे डायनॅमो हब (चाक फिरताना वीज करणारा) घ्यावा का, हेही सांगा.

---

उद्यमनगर (कोल्हापूर)

तुमच्या हबचं बेअरिंग आणि तुटणारे स्पोक यांचा एकमेकांशी जवळजवळ काही संबंध नाही, हे आधी सांगून टाकतो. बेअरिंग गेलं तर चाक जड फिरेल, किरकिरेल, डगडगेल. स्पोक तोडणार नाही. स्पोक तुटतोय तो ढिला आहे म्हणून.

होतं काय, की तुम्ही सायकलवर बसलात की रस्त्याला टेकलेल्या भागातल्या मोजक्या स्पोकांचा ताण उतरतो आणि चाक पुढे सरकलं की परत चढतो. 35 मिमीचा टायर धरला तर चाक एका किलोमीटरला साधारण 460 वेळा फिरतं. म्हणजे हजार किलोमीटरमध्ये प्रत्येक स्पोकाचा ताण साडेचार लाखांहून जास्त वेळा उतरतो-चढतो. मुळात ताण भरपूर असेल तर उतरल्यावरही स्पोक ताठच राहतो आणि हबच्या होलमध्ये त्याचा वाक जागचा हलत नाही. मुळात ढिला असेल तर तो पार सैल पडतो, वाक होलमध्ये जरा जरा हलतो, आणि तिथे धातू थकायला लागतो. आम्ही मशीन शॉपमध्ये याला फटीग म्हणायचो. शाफ्ट असो की स्पोक, कोपऱ्यातूनच जातो.

तुटलेला तुकडा टाकून दिला नसेल तर उन्हात धरा आणि तुटलेलं तोंड भिंगाखाली बघा. एका बाजूला गुळगुळीत, मंद रंगाचा चंद्रकोरीएवढा भाग दिसेल आणि बाकीचा खरबरीत, दाणेदार. गुळगुळीत भागात चीर कितीतरी दिवस हळूहळू सरकत होती. खरबरीत भाग शेवटच्या क्षणी फाटला. रिकाम्या सायकलवर सपाट रस्त्याला स्पोक का तुटला, त्याचं उत्तर तिथे आहे. चीर कसाऱ्यातच पडलेली असणार, किंवा त्याच्याही आधी.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, त्या चाकातले बाकीचे स्पोकही तेवढेच थकलेत, त्यामुळे एकेक बदलण्यात अर्थ नाही, सगळे काढा. दोन, जाड स्पोक हा इलाज नाही. 13 नंबर म्हणजे 2.3 मिमी. चांगल्या हबची होलं 2 मिमी स्पोकासाठी, अडीच मिमीच्या आसपास पाडलेली असतात. त्यात 13 नंबर कसाबसा ठोकून बसवावा लागतो. आणि जाड स्पोक ताणाखाली कमी लांबतो, म्हणून रिम थोडी दबली की त्याचा ताण लगेच शून्यावर येतो. तुम्हाला हवा बटेड स्पोक, दोन्ही टोकांना 2.0 आणि मध्ये 1.8 मिमी. मधला बारीक भाग लवचिक राहतो, धक्का तो घेतो आणि वाक वाचतो. डीटी स्विस कॉम्पिटिशन आणि सॅपिम रेस हे दोन्ही याच मापाचे आहेत, कुठलाही घ्या. निप्पल (स्पोक रिमला आवळणारी छोटी नट) पितळी घ्या. अ‍ॅल्युमिनियमची निप्पलं खारट हवेत रिमला चिकटून बसतात आणि पाना लावला की गोल होतात, किनाऱ्याच्या प्रवासाला ती अजिबात नकोत.

स्पोक स्टेनलेस आहे की नाही हे बघायला बरेच जण चुंबक लावतात. त्यावर जाऊ नका. ओढून बारीक केलेलं चांगलं स्टेनलेसही थोडं चुंबकाला लागतं.

आता स्पोकांची संख्या. आपल्याकडच्या जुन्या 28 इंची काळ्या सायकलला पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असायचे. त्याच चाकांवर दोन्हीकडे कॅन लटकवून दूधवाले वर्षानुवर्षं फिरले. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून मागे तारा जास्त, एवढं साधं गणित होतं आणि ते आजही खोटं ठरलेलं नाही. तुमचं वजन आणि सामान मिळून 106 ते 109 किलो होतं. मागे 36, पुढे 32 करा. 24 चपटे स्पोक तुमच्यासाठी नाहीत, दिसायला कितीही सुंदर असोत. 24 मधला एक तुटला की चाक एवढं आऊट होतं की फ्रेमला घासायला लागतं. 36 मधला एक तुटला तर डिस्क ब्रेकवर तुम्ही निवांत पुढच्या गावापर्यंत जाता.

हबविषयी संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर दोन गोष्टी बघून सांगा. स्पोक कुठल्या बाजूचे तुटतात, आणि तुमची डिस्क सहा बोल्टची आहे की सेंटरलॉक (मधल्या एकाच रिंगने बसणारी)?

---

घाटवाट (पौड)

उद्यमनगर काकांचं फटीगचं पटलं. पण 24 स्पोकांना सरसकट बाद करू नका, काका. मी 58 किलोची, सामानाशिवाय चालवते आणि ताम्हिणीत भर पावसात त्याच चाकांवर जाते, कधी आऊट काढावा लागला नाही. वजनदार माणसाला आणि सामान असेल तर 36, हे मान्य.

माझा मुद्दा बेअरिंगचा. वाटी-कोनचा हब (ज्यात सुटे छर्रे वाटी आणि निमुळत्या कोनामध्ये बसतात) मी सोडला, कारण आमच्याकडे पाऊस चार महिने असतो. दर पावसाळ्यानंतर उघडला की ग्रीसचा चहा झालेला. सील बेअरिंग घेतल्यापासून ती कटकट संपली. मग लोक अजून डिओरेच का सुचवतात?

---

उद्यमनगर (कोल्हापूर)

घाटवाटताई, तुमचं वजन आणि रिकामी सायकल धरली तर 24 बरोबरच आहेत. चाक माणसाप्रमाणे बांधायचं असतं.

बेअरिंगचं मात्र नीट बोलू, कारण दोन्ही हबच्या किमतीतला फरक बराचसा इथेच आहे.

शिमानोचे हब वाटी-कोनचे. मागच्या हबला बहुधा एका बाजूला पाव इंची 9 छर्रे, पुढच्याला 3/16 इंची 10. यात छर्रे कोनात तिरपे बसतात, त्यामुळे वरून येणारा भार आणि वळणावर आडवा येणारा भार, दोन्ही ते नीट घेतात. कोन फिरवून प्ले (ढिलाई) हवा तेवढा बारीक लावता येतो. दोन चपटे कोन पाने, मूठभर छर्रे आणि ग्रीसचा डबा असला की रस्त्याकडेला बसूनही हब उघडता येतो, आणि छर्रे कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. अडचण एकच, पण मोठी. कोन आणि छर्रे बदलता येतात, वाटी हबच्या अंगात दाबून बसवलेली असते, ती बदलत नाहीत. पाणी शिरलं आणि तसंच चालवत राहिलात की वाटीला खड्डे पडतात आणि हब संपला. म्हणून हा हब वेळेवर उघडणाऱ्या माणसाचा.

वेळ झाली की नाही हे बोटांना कळतं. चाक सायकलवरून काढा, एक्सलचं टोक अंगठा आणि तर्जनीत धरा आणि अगदी सावकाश फिरवा. लोण्यासारखं फिरलं तर ठीक. बारीक वाळू असल्यासारखं लागलं तर आजच उघडा. छर्रे बदलताना दोन्ही बाजूंचे सगळे एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. मापात कणभर फरक असला तर सगळा भार मोठ्या छर्‍यांवर येतो. आणि क्विक रिलीजचा हब जुळवताना हातात अगदी किंचित प्ले ठेवायचा. लिव्हर आवळली की एक्सल दबतो आणि तेवढा प्ले बरोबर जातो. हातातच प्ले शून्य केलात तर सायकलवर बेअरिंग आवळून बसेल.

कार्ट्रिज, म्हणजे तुम्ही म्हणता ते सील बेअरिंग, हे उद्योगातलंच बेअरिंग आहे. सीलवर नंबर असतो. 6902 म्हणजे आत 15, बाहेर 28, जाडी 7 मिमी. 6001 म्हणजे 12, 28 आणि 8. पुढे 2आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. मोटरस्पेअर्सच्या दुकानात नंबर सांगा, चांगल्या कंपनीचं घ्या. सी3 लिहिलेलं नको, त्यात आतली ढिलाई जास्त ठेवलेली असते, ती गरम होणाऱ्या मोटारींसाठी. बेअरिंग गेलं तर बेअरिंग बदला, हब तसाच राहतो. पावसात चालवणाऱ्याला हे सोयीचं, यात वाद नाही. पण बेअरिंग ज्या भोकात बसतं ते भोक मापात नसेल तर नवं बेअरिंगही महिन्यात ढिलं पडतं. स्वस्त सील बेअरिंग हबमध्ये मी हेच बघत आलोय. भोक मोठं झालेलं, आणि कुणीतरी डब्याच्या पत्र्याची पट्टी घालून ते घट्ट केलेलं. नुसतं ‘सील बेअरिंग’ लिहिलंय म्हणून हब चांगला होत नाही. ते भोक कुणी आणि किती मायक्रॉनमध्ये मशीन केलं, त्यावर सगळं आहे. आयुष्यभर बोअरिंग केलेल्या माणसाचं हे मत आहे.

डीटी 350 ला जास्त पैसे पडतात ते या अचूकपणाचे, आणि फ्रीहबचे, म्हणजे कॅसेट ज्यावर बसते त्या भागाचे. बहुतेक हबमध्ये स्प्रिंगवर उभे राहणारे छोटे पॉल (खिट्ट्या) असतात. डीटीच्या रॅचेट हबमध्ये दोन दातेरी चकत्या समोरासमोर बसतात आणि सगळे दात एकदम भार घेतात. चकत्या 18, 24, 36, 54 दातांच्या मिळतात. 36 दातांना 10 अंशांत पकड येते, सामान घेऊन चालणाऱ्याला ते भरपूर. मला यातली सर्वांत आवडती गोष्ट वेगळी आहे. चाक काढलं की टोकाची टोपी हाताने ओढून निघते आणि कॅसेटसकट फ्रीहब हातात येतं. म्हणजे कॅसेटच्या बाजूचा स्पोक तुटला तर कॅसेटचा पाना आणि चेनव्हिप नसतानाही तो बदलता येतो. तवसाळच्या जेट्टीवर बसून हे करता येईल. शिवाय पुढे थ्रू एक्सलची (आरपार जाड दांड्याची) सायकल घेतलीत तर टोप्या बदलून हाच हब 142 मिमीला नेता येतो. शिमानोच्या क्विक रिलीज हबला ती सोय नाही.

सात गिअरच्या फ्रीव्हीलवाल्या सायकली अजून खूप आहेत, म्हणून त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. त्यात फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं आणि उजवीकडचं बेअरिंग आत राहतं, एक्सलचा लांब भाग आधाराशिवाय लटकतो. वजनदार माणूस असेल तर तो एक्सल वाकतो किंवा मोडतो. शिमानोने 1978 साली फ्रीहब आणलं आणि बेअरिंग बाहेर टोकाशी नेलं, तशा हबमधून हा रोग गेला. अशी सायकल असेल तर चांगले स्पोक टाकत बसू नका, आधी हब बदला.

---

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

डायनॅमोबद्दल माझे दोन शब्द. इथे रोज ऑफिसला जाणाऱ्या सायकलींना हब डायनॅमो अगदी सर्रास असतो. सोन नावाचा नामांकित हब बनवणारी श्मिट कंपनी आमच्या शेजारी ट्युबिंगेनची. शिमानोचेही डायनॅमो हब आहेत, स्वस्त आणि टिकाऊ. बहुतेकांचा हिशेब सारखाच, 6 व्होल्ट, 3 वॉट. आताच्या एलईडी दिव्याला तेवढं पुरून उरतं, पण चढावर चालीच्या वेगाने जाताना फोन चार्ज होईल अशी आशा ठेवू नका.

रात्र-रात्र चालवणाऱ्याला तो घ्यावाच. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारख्या 1200 किमीला, 90 तासांच्या मर्यादेत, दर रात्री बॅटरीची चिंता नसणं फार मोठं आहे. किनाऱ्याच्या प्रवासात तुम्ही संध्याकाळी मुक्कामी पोचणार असाल, तर ते पैसे मागच्या चाकात घाला. आणि घेतलात तर एक पाळा: आतल्या तारांमुळे तो स्वतः उघडायचा नसतो, बेअरिंगसाठीही कंपनीकडे किंवा जाणकाराकडे द्यावा लागतो.

---

त्र्यंबकरोड (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुकडा सापडला. भिंगातून तंतोतंत तुम्ही सांगितलं तसं दिसलं. सगळे स्पोक हबच्या वाकाशीच तुटलेत, बहुतेक कॅसेटच्या बाजूचे. बोटाने छेडून बघितले तर कॅसेटच्या बाजूलाही एकाचा आवाज टणक, दुसऱ्याचा अगदी बद्द. डिस्क सहा बोल्टची आहे.

असं ठरवतोय: मागे 36 होलचा हब, बटेड स्पोक, पितळी निप्पल. पुढचं चाक आहे तसंच. डायनॅमो नंतर. पण डिओरे की 350, यात अजून अडकलोय. आणि चाक बांधणार कोण? इथे आऊट काढणारे खूप आहेत, नवं चाक ओवून देणारा माहीत नाही.

---

उद्यमनगर (कोल्हापूर)

टणक आणि बद्द असे दोन्ही आवाज एकाच बाजूला, म्हणजे रोग तोच. तबल्याच्या पुडीसारखं आहे हे, एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात बोलल्या पाहिजेत. डावी-उजवी बाजू मात्र एका सुरात येणार नाही. कॅसेटला जागा द्यायची म्हणून उजवा फ्लँज (हबची स्पोक अडकवायची कड) मध्याकडे सरकलेला असतो, तिकडचे स्पोक उभे आणि जास्त ताणाचे, डावीकडे ताण त्याहून बराच कमी. ते तसंच असायचं.

डिओरे की 350 यावर माझं उत्तर असं. वर्षातून एक रविवार हब उघडायला देणार असाल तर डिओरे घ्या, उरलेल्या पैशात उत्तम स्पोक, उत्तम रिम आणि बांधणीची मजुरी निघेल. हब उघडायला बसणार नसाल, किंवा पुढच्या दोन-तीन वर्षांत थ्रू एक्सलची सायकल घ्यायचा विचार असेल, तर 350. वाईट बांधलेल्या 350 पेक्षा चांगला बांधलेला डिओरे मी केव्हाही घेईन. तुमची 8 ची कॅसेट दोन्हींवर बसेल. डिओरेत सेंटरलॉकचा आला तर सहा बोल्टच्या डिस्कसाठी अडॅप्टर लागेल, ऑर्डर करायच्या आधी बघा.

रिम डबल वॉलची, आतून 19 ते 21 मिमी रुंद, 36 होल. शे-दोनशे ग्रॅम वजन वाचवायला जाऊ नका. घेताना काचेच्या सपाट टेबलावर ठेवा. चारी बाजूंनी टेकली पाहिजे, आणि सांध्यावरून बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. सरळ रिमला सारखा ताण देता येतो. वाकडी रिम ताण कमी-जास्त करूनच सरळ दिसते आणि तुम्ही परत जिथे होता तिथे येता.

बांधणी तुम्ही स्वतः करा, असं मी आग्रहाने सांगेन. आऊट काढणाऱ्या कारागिराच्या हाताला जे येतं ते तुमच्याही हाताला येईल, वेळ मात्र जास्त लागेल. स्पोकची लांबी दुकानदाराला विचारू नका, रिम हातात आल्यावर मोजा. दोन जुने स्पोक बरोबर 200 मिमीला कापा, निप्पल लावून चिकटवा, समोरासमोरच्या होलांत, म्हणजे 1 आणि 19 मध्ये, घाला आणि ओढून ताठ धरा. दोन टोकांमधलं अंतर मोजा, त्यात 400 मिळवा. तीन-चार जागी मोजून सरासरी काढा. हा आकडा आणि हबची मापं कुठल्याही स्पोक कॅल्क्युलेटरमध्ये टाकली की डावी-उजवी लांबी मिळते. दोन्हींत बहुधा एक-दोन मिमीचा फरक येतो, त्याला विटू नका, दोन्ही लांब्यांचे वेगवेगळे मागवा.

ओवणी थ्री क्रॉस (प्रत्येक स्पोक तीन स्पोकांना ओलांडतो), दोन्ही बाजूंना. डिस्कच्या चाकाला सरळ ओवणी कधीच नाही, ब्रेकचा पीळ हबमधून रिमपर्यंत स्पोकांनीच न्यायचा असतो. आट्यांना तेलाचं बोट लावा. बाहेरून येणारा स्पोक फ्लँजपासून फुगून निघत असेल तर वाकाजवळ अंगठ्याने दाबून फ्लँजला टेकवा. हे फार कमी लोक करतात. ताण सगळीकडून थोडा थोडा, एकेक अर्धा फेरा चढवत जा. शेवटी उजवीकडे 110 ते 120 किलो, पण रिमवर मर्यादा लिहिलेली असेल तर तीच खरी. यासाठी टेन्शन मीटर कुणाकडून तरी मागून आणा, पहिल्या चाकाला कानावर विसंबू नका. बटेड स्पोक निप्पलबरोबर स्वतःही पिळतो, म्हणून पाना जरा पुढे नेऊन तेवढाच मागे आणायचा.

आणि शेवटचं काम टाळू नका. हातमोजे घालून दोन-दोन समांतर स्पोक मुठीत धरा आणि जोरात आवळा, चाकभर. टिणटिण आवाज येतील, वाक आपापल्या जागी बसतील. मग परत ताण आणि आऊट बघा. आवळल्यावर आवाज यायचे थांबेपर्यंत हे करा.

ऑक्टोबरात बांधलंत तर पहिले 200 किमी सामान लादून जवळपासच चालवा, त्र्यंबक, वाडीवऱ्हे, इगतपुरी, आणि मग एकदा मीटरने सगळे स्पोक तपासा. प्रत्येक लांबीचे दोन-तीन जास्तीचे स्पोक चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीला) टेप करून ठेवा, निप्पलसकट, आणि निप्पलच्या मापाचा पाना हँडलच्या पिशवीत. रिमवर नेमके किती मोजले ते इथे टाका, स्पोकची लांबी ऑर्डरच्या आधी मी एकदा पडताळून देतो.